दोन तारे आधी दाखवावे लागतात

सुरैया, परवीन, नाहीद आणि जोहरा. आमच्या उर्दू शाळेच्या हजेरीपटात ही चार नावं दर दोन-तीन वर्षांनी एका वर्गात येतातच. कुणाचं नाव खालाने ठेवलेलं असतं, कुणाचं दादीने. ऐकायला गोड, यापलीकडे त्यांचा अर्थ मुलींना ठाऊक नसतो. आकाशात मात्र या चार नावांच्या वस्तू दोनच आहेत. सुरैया हे अरबी आणि परवीन हे फारसी नाव एकाच तारकागुच्छाचं. मराठीत त्यालाच कृत्तिका म्हणतात. जोहरा अरबी आणि नाहीद फारसी. दोन्हींचा अर्थ शुक्र. आकाशाच्या हिशोबाने वर्गातल्या चार मैत्रिणी म्हणजे दोन जुळ्यांच्या जोड्या.

हे सगळं आम्हाला एका दुर्बिणीमुळे, खरं तर दुर्बिणीला वायरने जोडलेल्या एका छोट्या यंत्रामुळे, नव्याने शिकावं लागलं.

आम्ही दोघी या शाळेत अठरा-वीस वर्षं शिकवतो. एक उर्दू आणि मराठी, दुसरी विज्ञान आणि गणित. हा लेख लिहिणारी भाषेची असली तरी त्यातला अनुभव दोघींचा आहे, म्हणून सगळीकडे ‘आम्ही’ म्हटलं आहे. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, तालुक्याचं. पाऊस कमी, हवा कोरडी, आणि नोव्हेंबर ते एप्रिल आभाळ बहुतेक रात्री मोकळं. दुर्बिणीसाठी याहून बरं काय हवं? पण मोकळं आभाळ असलं तरी मुलींना ते बघायला रात्री घराबाहेर पडता यायला हवं ना!

शाळेत पूर्वी एक साधी दुर्बीण होती, हाताने फिरवायची. शाळेत आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठेवला की दहावीच्या साठ मुलींपैकी वीस येत, कारण अंधार पडल्यावर पालक सोडत नसत. पालकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आमच्याही घरात मुली आहेत. आलेल्या वीस जणींपैकी पाचवी-सहावी मुलगी डोळा लावेपर्यंत ग्रह नजरेतून निसटलेला असे. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. दुर्बिणीत ते डोळ्यांनी दिसतं. ६५ पट मोठं करून पाहताना ग्रह नजरेच्या वर्तुळाच्या एका काठाने शिरतो आणि साधारण तीन मिनिटांत दुसऱ्या काठाने बाहेर जातो. मग पुन्हा शोधा, पुन्हा नळी हलवा. तोपर्यंत कुणाचा तरी भाऊ न्यायला आलेला असतो.

नवी दुर्बीण आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरच्यांनी दिली. ते लोक ओमानमध्ये नोकरीला आहेत. १३० मिलिमीटरचा आरसा, खाली तिपाई, तिपाईवर दोन मोटारी, आणि जुन्या टेलिफोनसारख्या गुंडाळीच्या वायरला लटकलेला हँड कंट्रोलर. टीव्हीच्या रिमोटपेक्षा थोडा जाड. वर दोन ओळींचा लाल पडदा, खाली बाणांची चार बटनं आणि एक ते नऊ आकडे. त्याच्या पोटात ४०,०००हून जास्त तारे, तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिकांची जागा नोंदवलेली असते. नाव निवडा, एंटर दाबा, की मोटारी घुं घुं करत नळी तिकडे वळवतात. एकदा वळवल्यावर पृथ्वीच्या फिरण्याबरोबर हळूहळू सरकवतही राहतात. त्यामुळे रांगेतल्या चाळिसाव्या बाईलाही पहिलीने पाहिलेलाच गुरू दिसतो, तोही मधोमध.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त सरांना हे काही पसंत पडलं नाही. बटन दाबल्यावर तारा समोर आला तर मुली शिकल्या काय, असा त्यांचा सवाल होता. सवाल चुकीचा नाही. कॅल्क्युलेटर आला तेव्हा पाढ्यांबद्दल आम्हीही असंच बोलत होतो. पण सरांनी हे यंत्र सुरू होताना पाहिलं नव्हतं.

सुरू केल्याबरोबर ते एकामागून एक प्रश्न विचारतं. तुम्ही कुठे आहात? अक्षांश-रेखांश द्या. आमच्याकडे अक्षांश १८ अंशांच्या आसपास, रेखांश ७५च्या पुढे. घड्याळ कोणत्या विभागाचं? +०५:३०. उन्हाळ्यात घड्याळ पुढे करता का? नाही. तारीख काय? इथे सावध राहावं लागतं, कारण ते अमेरिकन रीतीने महिना आधी मागतं. ६ मार्च लिहायचा तर ०३/०६. उलटं लिहिलं की त्याच्या लेखी ३ जून उजाडतो. यात गंमत अशी की पुढची जुळणी नीट केली तर तारे तरीही बरोबर सापडतात, ग्रह मात्र भलतीकडे शोधले जातात. तारे एकमेकांपासून हलत नाहीत, ग्रह हलतात, हे सहावीच्या मुलींना समजावण्यासाठी आम्हाला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

इतकं सगळं सांगूनही त्याला एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे आपलं तोंड कुणीकडे आहे. चाळीस हजार वस्तूंचा नकाशा पोटात, पण तिपाई कुठल्या गच्चीवर कशी ठेवली आहे हे त्याला कोण सांगणार? म्हणून ते म्हणतं, मला दोन तारे दाखवा. यादीतून पहिल्याचं नाव निवडा, बाणांची बटनं दाबून तो तारा नजरेच्या मध्यावर आणा, एंटर दाबा. मग दुसऱ्याचं नाव निवडा. आता अंदाजाने ते स्वतःच तिकडे वळतं, राहिलेला फरक आपण दुरुस्त करायचा. दोन्ही जमले की पडद्यावर जुळणी झाल्याचं लिहून येतं आणि सगळं आकाश त्याला ओळखीचं होतं. दोन तारे ओळखणारं माणूस गच्चीवर नसेल, तर तो चाळीस हजारांचा खजिना कुलूपबंद राहतो.

तारेही कोणतेही चालत नाहीत. दोघांमध्ये दिशेचं भरपूर अंतर हवं. क्षितिजाला टेकलेला नको, कारण तिथे हवा दाट असते आणि तारा थोडा वर उचललेला दिसतो. थेट डोक्यावरचाही नको, तिथे नळी आडवी फिरवून फारसा फरक कळत नाही. फेब्रुवारीत मगरीबनंतर रोहिणी जवळपास डोक्यावर असते, म्हणून दिसायला ठळक असूनही ती बाद. आम्ही दोन ठरवले. आग्नेयेला व्याध, सगळ्या ताऱ्यांत तेजस्वी, आणि उत्तरेला ब्रह्महृदय.

यंत्राच्या पडद्यावर मात्र ‘सिरियस’ आणि ‘कॅपेला’ अशी नावं येतात. मुलींना ती परकी वाटली. मग भाषेचा तास गच्चीवरच सुरू झाला. व्याधाला अरबीत शिअरा म्हणतात. हे नाव कुरआनच्या सूरह अन-नज्ममध्ये आलेलं आहे. आमच्या कितीतरी मुलींना ती सूरह पाठ आहे. ‘टीचर, तोच का हा?’ असं विचारून एक मुलगी बराच वेळ त्या ताऱ्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघत उभी राहिली. दुर्बिणीतून बघायचा तिचा नंबर आला होता, तो तिने मागच्या मुलीला दिला. ब्रह्महृदयाचं अरबी नाव अय्यूक.

यादी पुढे सरकवत गेलं की इंग्रजी अक्षरांत लपलेली अरबी नावं एकेक करून बाहेर येतात. आल्डेबरान म्हणजे अद-दबरान, मागून येणारा. कुणाच्या मागून? सुरैयाच्या. कृत्तिका उगवल्या की त्यांच्या मागोमाग रोहिणी उगवते, हे आपले शेतकरीही सांगतात. रायगल म्हणजे रिज्ल, पाय. फोमालहॉट म्हणजे फम-अल-हूत, माशाचं तोंड. बीटलज्यूसची कथा तर उर्दू शिकवणारीने कधी सोडू नये. मूळ नाव यद-अल-जौजा, जौजाचा हात. मध्ययुगात अरबी पुस्तकं लॅटिनमध्ये नेताना कुणीतरी ‘ये’च्या दोन नुक्त्यांऐवजी एक नुक्ता वाचला आणि ‘ये’चा ‘बे’ झाला. इमल्यात नुक्ता चुकला की आम्ही अर्धा गुण कापतो तेव्हा मुली कुरकुरतात. या एका नुक्त्याची चूक शेकडो वर्षं जगभर छापली जाते आहे, आता कंट्रोलरमध्येही जाऊन बसली आहे. ती कुरकुर सध्या जरा कमी आहे.

ही नावं युरोपात गेली त्यामागे पुष्कळ मेहनत आहे. अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी इ.स. ९६४च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवर चित्रांसह ग्रंथ लिहिला. आज ज्याला आपण देवयानी दीर्घिका म्हणतो तिची नोंद त्यांनी एक लहानसा ढग म्हणून केली आहे. त्या काळचा कंट्रोलर म्हणजे अस्तुरलाब. पितळेची तबकडी, तिच्यावर फिरणारी पितळी जाळी. जाळीला अनकबूत, म्हणजे कोळी, असं नाव. जाळीच्या प्रत्येक टोकावर एका ताऱ्याचं नाव कोरलेलं. ओळखीच्या एका ताऱ्याची उंची मोजायची, जाळी फिरवून त्या ताऱ्याचं टोक तेवढ्या उंचीच्या रेषेवर आणायचं, की बाकीचे सगळे तारे आपापल्या जागी बसतात आणि वेळ कळते. ओळखीचा तारा दाखवा, उरलेलं मी सांगतो, हेच दोन्हींचं म्हणणं. मोटार नव्हती इतकंच. इब्न अल-नदीम यांच्या ‘फिहरिस्त’मध्ये अशी उपकरणं बनवणाऱ्यांच्या यादीत अल-इजलिय्या नावाच्या एका बाईंची नोंद आहे. दहाव्या शतकात हलबच्या सैफुद्दौलाच्या दरबाराशी त्यांचा संबंध होता. यापेक्षा फारसं त्यांच्याबद्दल लिहिलेलं नाही, तरी आमच्या मुलींना तेवढी एक ओळही पुरली.

यंत्र सहज उचलता येतं आणि जुळणीला दहा-पंधरा मिनिटं लागतात, हे लक्षात आल्यावर आम्ही शाळेत कार्यक्रम ठेवणंच बंद केलं. मुलींना रात्री शाळेत यायचं नाही ना? मग दुर्बीणच मोहल्ल्यात न्यायची. ज्या मुलीच्या घराला गच्ची आहे तिथे, मगरीब ते इशा जुळणी, इशानंतर नऊ-सव्वानऊपर्यंत पाहणं. बायकांची आणि मुलींची रांग, पुरुष खाली अंगणात. दहावीतल्या सहा मुलींना कंट्रोलर चालवायला शिकवलं. आम्ही दोघी मागे उभ्या राहायचो. बटनाला हात लावायचा नाही असं आम्ही ठरवलं होतं, आणि ते पाळणं मोठं कठीण गेलं. तारा मधोमध आणताना शेवटचे एक-दोन दाब नेहमी एकाच बाजूने द्यायचे, म्हणजे दातेरी चाकांमधली ढील निघून जाते, हे मुली आमच्याआधी शिकल्या. शिवणयंत्र चालवणाऱ्या हातांना ते शिकवावं लागत नाही, असं त्यांच्यातलीच एक म्हणाली.

२०२५च्या फेब्रुवारीत आभाळही मेहरबान होतं. पश्चिमेला शुक्र लखलखत होता आणि गुरू रोहिणीच्या शेजारी येऊन बसला होता. गुरूला उर्दूत मुश्तरी म्हणतात, आणि मुश्तरीचा दुसरा अर्थ गिऱ्हाईक. किराणा दुकानवाल्यांच्या गच्चीवर यावर फार हसू झालं. गुरूचे पट्टे आणि एका रेषेतले चार चंद्र बघून बाया डोळा काढायला तयार नसत. खरी फसगत शुक्रानेच केली. दुर्बिणीतून तो गोल दिसत नाही. त्या दिवसांत तो कोरीव दिसत होता, चंद्रकोरीसारखा. एका खालांनी ठासून सांगितलं की पोरींनी यंत्र चंद्राकडे लावलंय. मग त्यांना दाखवलं की चंद्र तर अजून उगवलेलाच नाही. त्या परत जाऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, ‘जोहरा का भी हिलाल होता क्या गे!’

१ मार्चच्या संध्याकाळी तर दोन्ही हिलाल एकाच दिशेला होते. रमजानचा चंद्र आणि त्याच्या थोडा वर शुक्र. चंद्र सगळ्यांनी आधी डोळ्यांनीच पाहिला, दुआ झाली, गच्च्यांवरून मुबारकबाद झाली. तोपर्यंत तारे निघालेले नव्हते, म्हणून कंट्रोलरला नेहमीचे दोन तारे दाखवता येत नव्हते. अशा वेळी नुसत्या शुक्रावरून अंदाजे जुळणी करून भागतं. मग आधी खऱ्या चंद्राची कोर, तिच्या काठावरचे खड्डे, आणि मग शुक्राची कोर, असं आलटून पालटून. इथे एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. सूर्य मावळून गेल्याशिवाय आम्ही दुर्बिणीचं झाकण काढत नाही. दुर्बिणीतून एक क्षण सूर्य पाहिला तरी डोळा जातो. कित्येक कंट्रोलरच्या यादीत सूर्याचं नाव मुद्दाम लपवून ठेवलेलं असतं. ज्या घरात लहान मुलं आहेत त्यांनी दुर्बीण दिवसा उघडी ठेवूच नये.

सहा मुलींपैकी एकीचे वडील पंपाच्या मोटारी रिवाइंड करतात. दहावीनंतर पुढे नाही, असं त्यांनी घरात आधीच सांगून टाकलेलं होतं. सायन्सला जायचं तर रोज बसने जावं लागणार, ते त्यांना नको होतं. आम्ही दोनदा घरी जाऊन आलो. चहा मिळाला, उत्तर मिळालं नाही. फेब्रुवारीच्या शेवटच्या कार्यक्रमात मुलगी कंट्रोलरवर होती आणि मध्येच मोटारी थांबल्या. पडद्यावर अक्षरं आली की मोटारींकडून उत्तर नाही. रांगेत तीसेक बाया. मुलीने खाली अंगणात निरोप पाठवला, ‘अब्बांना मीटर घेऊन बोलवा.’

ते वर आले. बायका बाजूला झाल्या. त्यांनी बॅटरीला मीटर लावला आणि मुलीला म्हणाले, चालव. नुसती ठेवली की बॅटरी बारा दाखवत होती, मोटार फिरायला लागली की काटा नऊच्या खाली. ‘बॅटरी संपली आहे, मशीनचा दोष नाही,’ ते म्हणाले. मग त्यांनी कंट्रोलरच्या वायरचं टोक बघितलं, तेही ढिलं होतं, ते घट्ट बसवलं. दुकानातून सात अँपिअरची दुसरी बॅटरी आणवली. सगळं पुन्हा सुरू करायचं म्हणजे जुळणी पहिल्यापासून. मुलगी त्यांच्या देखत अक्षांश भरत गेली, तारीख भरली, व्याध आणला, ब्रह्महृदय आणलं. त्यांनी विचारलं, दोनच का? तिने सांगितलं, एका ताऱ्यावरून नळी कुणीकडे कलली आहे ते कळत नाही, दुसरा लागतोच. ते काही बोलले नाहीत. गुरू मधोमध आल्यावर तिने त्यांना आधी बघायला सांगितलं. त्यांनी बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि विचारलं, ‘याच्या मोटारी उघडून बघता येतील का?’

अकरावीचा विषय त्या रात्री निघाला नाही. ईदनंतर त्यांनी आम्हाला दुकानात बोलावून बसच्या वेळा विचारल्या. सकाळची बस भरून जाते आणि परतीची कधी येते, कधी येत नाही, हे आम्ही लपवलं नाही. जूनमध्ये तिने सायन्सचा अर्ज भरला. बरोबरच्या अजून एकीने भरला असता तर दोघी मिळून गेल्या असत्या. तिच्या घरी आमचं बोलणं अजून चालू आहे.

या सगळ्या कार्यक्रमांत सर्वांत जास्त उपयोगी पडल्या त्या सत्तरीच्या पुढच्या बाया. व्याध कोणता हे मुली विसरल्या की एखादी दादी सांगायची, ‘तिकांड्याकडे बघ, त्याच्या रेघेवरून खाली ये.’ मृगाच्या पोटातले तीन तारे म्हणजे तिकांडं, आणि त्या रेघेवर पुढे व्याध असतोच. या बायांनी आयुष्यभर ज्वारीच्या राखणीला माळावर रात्री काढल्या आहेत. मिरग, आडदरा ही नक्षत्रं पेरणीच्या हिशोबाने त्यांच्या बोटांवर असतात. एप्रिलमध्ये ईशान्येला सप्तर्षी पूर्ण वर आले तेव्हा एक दादी म्हणाल्या, ‘म्हातारीका बाजलं है गे वो. चार पाये दिख रहे ना? और पीछू तीन चोर.’ बाजलं चोरायला आलेले तीन चोर. हे ऐकून आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. अरबांनी त्याच सात ताऱ्यांना बनातुन्नअश म्हटलं आहे. नअश म्हणजे जनाजा. चार तारे जनाज्याचे, आणि मागून चालणाऱ्या तीन मुली. त्यांच्यातल्या टोकाच्या ताऱ्याचं नाव कंट्रोलरमध्ये ‘अल्काइड’ असं आहे, अल-काइद, पुढारी. चार पायांचं बाजलं सोलापूरच्या माळावर दिसलं, चार खांद्यांचा जनाजा अरबस्तानात.

उर्दू वाचणाऱ्या भगिनींना हे नाव आणखी एका कारणाने आठवेल. डेप्युटी नजीर अहमद यांची १८७०च्या दशकातली कादंबरी ‘बनातुन्नअश’ या नावाचीच आहे. तिच्यात असगरीच्या मकतबमध्ये हुस्नआरा नावाची लाडावलेली मुलगी शिकायला येते, आणि घरकाम-शिष्टाचाराबरोबर भूगोल-विज्ञानाचेही धडे घेते. दीडशे वर्षांपूर्वी मुलींच्या मकतबच्या गोष्टीला या ताऱ्यांचं नाव दिलं गेलं, ही माहिती आम्ही बी.एड.च्या आधीपासून परीक्षेसाठी पाठ केलेली होती. ते तारे आभाळात नेमके कुठे आहेत ते त्या दादींनी बोट करून दाखवलं.

मुलींनी आता एक वही केली आहे. पहिल्या रकान्यात कंट्रोलरवरचं नाव, मग अरबी-उर्दू नाव, मग मराठी, आणि चौथा रकाना ‘दादी काय म्हणते’. चौथा रकाना भरायला सगळ्यांत अवघड, कारण सांगणाऱ्या कमी होत चालल्या आहेत. सुहैलच्या ओळीत सध्या तीनच रकाने भरले आहेत. सुहैल म्हणजे अगस्त्य. आमच्याकडून तो दक्षिणेला जेमतेम १९ अंश वर चढतो, फेब्रुवारीत नऊच्या सुमारास. जुन्या अरबांची एक गोष्ट आहे. दोन शिअरा बहिणी होत्या, सुहैल त्यांचा भाऊ. सुहैल दक्षिणेला निघून गेला. एक बहीण आकाशगंगा ओलांडून त्याच्या मागे गेली, तोच व्याध. दुसरी अलीकडेच राहिली आणि रडून रडून तिचे डोळे चिपडले, ती गुमैसा. मराठीत तिला प्रश्वा म्हणतात. दुर्बिणीशिवायही दिसतं, दोघी खरोखरच आकाशगंगेच्या दोन काठांना आहेत. गोष्ट सांगून झाली की मुली विचारतात, बरोबर कोणाचं, गेली तिचं की राहिली तिचं? आम्ही अजून एकदाही उत्तर दिलेलं नाही. त्या मात्र दर वेळी दोन गट पाडून भांडतात.

सध्या पावसाळा आहे. दुर्बीण खोक्यात, आरशावर झाकण, आत ओल शोषणाऱ्या पुड्या. बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करायची जबाबदारी रिवाइंडिंगच्या दुकानाने घेतली आहे. नोव्हेंबरमध्ये शनी संध्याकाळी चांगला वर असेल. नव्या नववीतल्या मुलींना तोपर्यंत निदान दोन तारे नुसत्या डोळ्यांनी ओळखता यायला हवेत. ढग फाटले त्या रात्री त्यांनी घरच्या गच्चीवरून हंसातला दनब शोधायचा आहे आणि दुसऱ्या दिवशी तो कुणीकडे होता ते वर्गात हात करून दाखवायचं आहे. दनब म्हणजे शेपटी. कंट्रोलरवर तो ‘डेनेब’ या नावाने सापडतो.